लोड गाडी कोणत्या गिअरमध्ये उचलावी?

उभा असलेला जड ट्रक हलवण्यासाठी चालक जो गिअर निवडतो, त्यावर क्लचचे आयुष्य, गाडीची सुरक्षितता आणि इंजिनावरचा ताण या तिन्ही गोष्टी अवलंबून असतात. डिझेल इंजिन शून्य फेऱ्यांवर जोर देऊ शकत नाही. ते मिनिटाला सुमारे ६०० फेऱ्यांवर आयडल चालते, आणि चाके मात्र थांबलेली असतात. या दोन वेगांतली तफावत भरून काढण्याचे काम क्लच घसरत-घसरत करते. तफावत जितकी मोठी आणि घसरण जितकी लांब, तितकी उष्णता जास्त. गिअर नेमका निवडला की ही घसरण क्षणभरात संपते. चुकला की क्लच प्लेटचा वास केबिनमध्ये येतो.

कुरकुंभसारख्या ठिकाणी या प्रश्नाची सगळी रूपे एकाच गावाच्या परिसरात दिसतात. दौंड तालुक्यातले हे गाव पुणे–सोलापूर महामार्गावर (पूर्वीचा क्रमांक ९, आता ६५) दौंड–बारामती रस्त्याच्या चौकात वसले आहे. येथील एमआयडीसी मुख्यतः रासायनिक कारखान्यांची आहे, म्हणून टँकरची सतत ये-जा असते. महामार्गावर दहा, बारा आणि चौदा चाकी गाड्या आणि ट्रेलर, हंगामात पाटसच्या भीमा कारखान्याकडे व आलेगावच्या दौंड शुगरकडे जाणाऱ्या उसाच्या गाड्या, शेजारी कुरकुंभचा लहान घाट आणि पाटस–बारामती रस्त्यावरचा, तुकोबांच्या पालखीच्या वाटेवरचा रोटी घाट. सकाळी रिकामी आलेली गाडी दुपारी भरून निघते. तीच गाडी, तोच गिअरबॉक्स, पण सुटण्याचा योग्य गिअर वेगळा.

वजनातला हा फरक किती मोठा असतो ते आधी पाहावे. २०१८ मध्ये केंद्र सरकारने धुऱ्यांवरील भाराची मर्यादा वाढवली. त्यानंतर सहा चाकी गाडीचे मालासह एकूण वजन १८.५ टन, दहा चाकीचे २८ टन, चार धुऱ्यांच्या बारा चाकीचे ३५ टन आणि ट्रेलरचे जास्तीत जास्त ५५ टनांपर्यंत मान्य झाले. बारा चाकी गाडी रिकामी असताना साधारण ११ टन भरते. म्हणजे काट्यावरून भरून बाहेर पडताना तिचे वजन तिपटीहून जास्त झालेले असते. चालकाच्या पायाला क्लच तेवढाच हलका लागतो, त्यामुळे हा फरक आधी जाणवतो तो गाडी सोडताना.

आता गिअरबॉक्स. मोठ्या गाड्यांत बहुधा नऊ गिअरचा बॉक्स असतो: एक क्रॉलर आणि पुढचे आठ. त्यातल्या एका प्रचलित प्रकारात क्रॉलरचे गुणोत्तर सुमारे १२.७, पहिल्याचे ८.८, दुसऱ्याचे ६.३, तिसऱ्याचे ४.६, चौथ्याचे ३.५ आणि आठव्याचे १ असते. त्यापुढे मागच्या धुऱ्यातला क्राउन-पिनियन आणखी सुमारे सहा पट जोर वाढवतो. पहिल्या गिअरमध्ये इंजिनाच्या जवळजवळ ५३ फेऱ्यांना चाकाची एक फेरी होते, क्रॉलरमध्ये ७६ फेऱ्यांना. चाकाची त्रिज्या अर्ध्या मीटरहून थोडी जास्त धरली, तर आयडलवर आणि क्लच पूर्ण सोडलेला असताना गाडीचा वेग क्रॉलरमध्ये ताशी दीड किलोमीटर, पहिल्यात २.२, दुसऱ्यात ३.१, तिसऱ्यात ४.३ आणि चौथ्यात ५.६ किलोमीटर येतो. हे आकडे ध्यानात ठेवण्यासारखे आहेत, कारण क्लचला गाडी शून्यापासून नेमक्या या वेगापर्यंत घसरत आणावी लागते.

ओढीचा हिशेब असा. सपाट डांबरी रस्त्यावर ३५ टनांची गाडी नुसती चालती ठेवायला वजनाच्या सुमारे एक टक्का, म्हणजे ३५० किलो ओढ लागते. रस्ता शंभर मीटरला पाच मीटर चढत असेल, तर चढाचे १,७५० किलो त्यात मिळतात आणि एकूण गरज २,१०० किलो होते. सुटताना, फेऱ्या कमी असताना, इंजिनाकडून ४०० न्यूटन-मीटरच्या आसपास जोर वापरात येतो असे धरू. गिअर आणि धुऱ्यात जाणारी घट वजा करता चाकापाशी तिसऱ्या गिअरमध्ये सुमारे १,८४० किलो, दुसऱ्यात २,५२०, पहिल्यात ३,५२० आणि क्रॉलरमध्ये ५,०८० किलो ओढ पोहोचते. पाच टक्के चढावर तिसरा गिअर पुरत नाही: गाडी थरथरते, इंजिन बंद पडते किंवा गाडी मागे सरकते. दुसरा कसाबसा पुरतो, पण वेग वाढवायला हाताशी फक्त चारशे किलो उरतात, आणि ती चारशे किलो ओढ ३५ टनांना फार हळू हलवते. पहिल्यात चौदाशे किलो शिल्लक राहतात आणि गाडी ठामपणे निघते. चढ दहा टक्क्यांचा असेल (कारखान्याच्या आवारातला चढाचा रस्ता किंवा गोदामाचा रॅम्प असा असू शकतो), तर गरज ३,८५० किलोंवर जाते. तिथे पहिलाही अपुरा पडतो आणि क्रॉलरशिवाय इलाज नसतो. उलट ११ टनांच्या रिकाम्या गाडीला सपाटीवर फक्त ११० किलो लागतात. तिला क्रॉलरमध्ये सोडणे म्हणजे दोन-तीन मीटरवर लगेच गिअर बदलत बसणे. ती दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरमध्ये सहज निघते.

रस्ता बांधणाऱ्यांनीही चढाला मर्यादा घातलेली असते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांनुसार सपाट आणि लहरी प्रदेशात चढ शक्यतो ३.३ टक्क्यांच्या आत ठेवतात, अडचण असेल तिथे ५ टक्के, आणि अगदी नाइलाज असेल तर ६.७ टक्के. डोंगरी भागात हीच मर्यादा ५, ६ आणि ७ टक्के आहे. म्हणून मानकांप्रमाणे बांधलेल्या महामार्गाच्या मुख्य रस्त्यावर भरलेली गाडी पहिल्या गिअरमध्ये सुटणे बहुतेक वेळा शक्य असते. गाडी अडते ती जुन्या घाटात, वळणाच्या आतल्या बाजूला, पुलाच्या तोंडाशी आणि खासगी आवारांत.

ओढ पुरेशी आहे एवढ्यावर मात्र निवड संपत नाही. उष्णता हा दुसरा आणि बहुतेकांच्या लक्षात न येणारा निकष आहे. सपाटीवर गाडी सोडताना क्लचमध्ये जी ऊर्जा जळते, ती साधारण गाडीला त्या क्षणी मिळालेल्या गतीच्या ऊर्जेएवढी असते, आणि ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. पहिल्याऐवजी दुसऱ्या गिअरमध्ये सुटले की क्लचमधली उष्णता जवळजवळ दुप्पट होते, तिसऱ्यात सुटले की साडेतीन पटींहून जास्त. त्यातच चालकाने गाडी उचलत नाही म्हणून ॲक्सिलरेटर दाबून फेऱ्या ६०० वरून १,२०० केल्या, तर त्याच गिअरमध्ये ही उष्णता पुन्हा चौपट होते. बाहेरून गाडी नेहमीसारखीच निघालेली दिसते. प्लेटवरचे अस्तर मात्र दरवेळी थोडे थोडे झिजते, चकाकी धरते आणि एक दिवस ऐन घाटात प्लेट पकड सोडते.

चढावर ब्रेक न लावता हाफ क्लचवर गाडी तोलून धरण्याची सवय याहून वाईट. ३५ टनांची गाडी पाच टक्के चढावर पहिल्या गिअरमध्ये, इंजिन हजार फेऱ्यांवर ठेवून अशी धरली, तर गाडी जागची हलत नसल्याने इंजिनाची क्लचपर्यंत येणारी सगळी शक्ती उष्णताच होते: सुमारे २५ किलोवॅटपर्यंत. पंचवीस घरगुती हीटर एकाच बंद लोखंडी घरात पेटवावेत तशी. तिसऱ्या गिअरमध्ये हाच आकडा ४८ किलोवॅटवर जातो. जड गाड्यांच्या क्लचचा व्यास ३८० ते ४३० मिलिमीटर असतो, तरी एवढी उष्णता काही सेकंदांपलीकडे पचवण्याची त्याची क्षमता नसते. फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेटवर निळे डाग आणि बारीक भेगा पडतात, त्या यातूनच.

या सगळ्या हिशेबातून एक साधी कसोटी निघते, आणि ती कोणत्याही गाडीला लागू पडते. ज्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटरला पाय न लावता किंवा अगदी हलका लावून, क्लच सावकाश पूर्ण सोडल्यावर गाडी न थरथरता निघते, तो तिथला योग्य गिअर. आधुनिक इंजिनांत, विशेषतः १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ गाड्यांत, आयडल फेऱ्या घसरू लागल्या की इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आपणहून इंधन वाढवते. त्यामुळे ही कसोटी पूर्वीपेक्षा सोपी झाली आहे. पण याच सोयीचा उलटा परिणामही होतो. कमी फेऱ्यांवर जोर भरपूर मिळत असल्याने भरलेली गाडी तिसऱ्यातही निघते, आणि चालकाला वाटते की खालचे गिअर उगाच दिलेत. इंजिन बंद पडत नाही म्हणून क्लचही सुखात आहे असे नसते. शंका असेल तेव्हा एक गिअर खाली घ्यावा. त्यात जातात फक्त काही सेकंद.

मग नेहमी क्रॉलरच का वापरू नये? त्याची तीन कारणे आहेत. बहुतेक बॉक्समध्ये क्रॉलरला सिंक्रोनायझर नसतो. तो गाडी पूर्ण थांबल्यावरच टाकता येतो. क्रॉलरमधला वेग इतका कमी असतो की चढावर पहिला टाकण्यासाठी क्लच दाबताच गाडी थांबते, आणि सगळे पहिल्यापासून करावे लागते. तिसरे कारण यंत्राचे आहे. क्रॉलरमध्ये जोर इतका वाढतो की पूर्ण ॲक्सिलरेटर दिल्यास जॉइंटचा क्रॉस, क्राउन-पिनियन किंवा धुऱ्याचा शाफ्ट तुटू शकतो. क्रॉलर शांतपणे, आयडलवर किंवा त्याच्या जरा वर वापरायचा गिअर आहे. अडकलेली गाडी झटक्याने काढण्यासाठी तो नाही.

सहा चाकी गाड्यांत पाच किंवा सहाच गिअर असतात, आणि पाच गिअरच्या बॉक्समध्ये पहिला आणि दुसरा यांच्यातले अंतर बरेच मोठे असते; गुणोत्तर जवळजवळ निम्म्यावर येते. म्हणून भरलेली सहा चाकी नेहमी पहिल्यात आणि रिकामी दुसऱ्यात, एवढा नियम बहुधा पुरतो. भरलेली गाडी दुसऱ्यात सोडण्याची सवय जुन्या गाड्यांवर हात बसलेल्या अनेक चालकांत दिसते. पहिला गिअर नीट बसत नसे आणि बदलताना डबल क्लच द्यावा लागे, त्या काळातली ती तडजोड होती. आता तिची गरज नाही.

नऊ गिअरच्या बॉक्समध्ये एक खास चूक होते. त्यात लो आणि हाय असे दोन टप्पे असतात: चार गिअर लोमध्ये, चार हायमध्ये. पाटसच्या टोलनाक्यावर सातव्या-आठव्यातून थांबलेल्या गाडीचा टप्पा बदलला नाही, आणि चालकाने लिव्हर पहिल्याच्या जागी नेला, तर प्रत्यक्षात पाचवा पडतो. त्याचे गुणोत्तर अडीच असल्याने क्लचमधली उष्णता पहिल्याच्या तुलनेत बारा पट. टप्पा हवेच्या दाबावर बदलतो, म्हणून थांबण्याआधीच गाडी हळू होत असताना लोमध्ये आणणे आणि सुटण्यापूर्वी डॅशबोर्डवरचा दिवा पाहणे ही सवय लावून घ्यावी लागते.

रासायनिक टँकरचा प्रश्न आणखी वेगळा आहे. टाकी कधीच काठोकाठ भरत नाहीत. उष्णतेने द्रव फुगतो म्हणून वर मोकळी जागा ठेवावी लागते. टाकीत भोके असलेले आडवे पडदे असले, तरी द्रव हलतोच. गाडी झटक्याने सुटली की तो मागच्या भिंतीवर आदळतो, परत पुढे येतो, आणि दुसरा गिअर टाकण्यासाठी क्लच दाबलेला असतानाच गाडीला पुढे ढकलतो किंवा मागे ओढतो. अर्धवट भरलेल्या टाकीत हा हेलकावा सर्वांत मोठा. म्हणून टँकर खालच्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर न देता सोडायचा, पहिला हेलकावा शमू द्यायचा आणि मग गिअर बदलायचा. जवळजवळ पूर्ण भरलेल्या टाकीत वजन जास्त असूनही गाडी जास्त शांत निघते. घातक माल वाहणाऱ्या चालकाला केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम ९ खाली वेगळे प्रशिक्षण घ्यावे लागते. अशा प्रशिक्षणात गळती आणि आगीइतकेच या हेलकाव्याला महत्त्व द्यायला हवे, कारण कुरकुंभच्या चौकात थांबत-सुटत जाणारा टँकर दिवसातून कितीतरी वेळा याच प्रसंगातून जातो.

उसाच्या फडात हिशेब उलटा होतो. भीमेकाठची काळी जमीन ओली असली की चाक रुतते आणि गाडी ढकलायला वजनाच्या दहा टक्के किंवा त्याहून जास्त ओढ लागते. १८.५ टनांच्या गाडीला तिथे १,८५० किलो लागतील. पण ओल्या मातीची पकडही मर्यादित असते. मागच्या धुऱ्यावर ११.५ टन असतील आणि पकड त्याच्या पाव हिश्शाएवढी धरली, तर २,९०० किलोंच्या पुढची ओढ चाकाला देऊन उपयोग नाही. चाक जागच्या जागी फिरते आणि खड्डा खोल करते. म्हणून पहिल्यात जोराने ॲक्सिलरेटर देण्यापेक्षा पहिल्यात आयडलवर, किंवा गाडी उचलत असेल तर दुसऱ्यात हलक्या पायाने निघणे बरे. शिवाय मऊ जमिनीवर मध्ये गिअर बदलता येत नाही: क्लच दाबला की गाडी थांबते आणि पुन्हा रुतते. ज्या गिअरमध्ये पक्क्या रस्त्यापर्यंत जाता येईल, त्याच गिअरमध्ये सुटावे लागते. मातीला लागणारी ओढच पकडीपेक्षा जास्त असेल, तर कोणताही गिअर कामाचा नाही. तिथे चाकाखाली पाचट किंवा फळ्या टाकणे, किंवा ट्रॅक्टर लावणे हेच उपाय.

घाटात चढावर थांबलेली भरलेली गाडी सोडण्याचा क्रम असा. हँडब्रेक लावलेलाच ठेवून हवेचा दाब पुरेसा आहे का ते पाहायचे. जड गाडीचा हँडब्रेक स्प्रिंगचा असतो आणि हवा कमी असेल तर तो सुटत नाही. मग गिअर टाकायचा, आणि तो चढ पाहून आधी ठरवलेला असायचा. क्लच फेऱ्या किंचित उतरतील इतका वर आणला की गाडीची पुढची बाजू थोडी उचलल्यासारखी वाटते. त्या क्षणी हँडब्रेक सोडायचा आणि क्लच न थांबवता पूर्ण सोडायचा. गाडी मागे सरकू लागली, तर त्याच गिअरमध्ये क्लच पुन्हा सोडू नये. मागे फिरणाऱ्या चाकांवर क्लच बसल्यास घसरण आणखी वाढते आणि धक्का क्राउनला बसतो. पाय ब्रेकवर, हँडब्रेक वर, आणि एक गिअर खाली. क्लीनरने चाकामागे ठोकळा लावलेला असेल तर उत्तम, पण गाडी सुटल्यावर तो उचलायला त्याने चाकांच्या रेषेत जाऊ नये. अशा वेळी गाडी पुन्हा मागे येऊन अपघात होतात.

निघाल्यावरही घाई नको. चढावर पहिल्यातून दुसऱ्यात जाण्याआधी फेऱ्या इतक्या वर न्याव्या लागतात की, गिअर बदलताना गाडीचा वेग पडला तरी दुसरा तिला ओढू शकेल. चढ लांब असेल आणि दुसरा थकत असेल, तर पहिल्यातच वर जाणे स्वस्त पडते.

वाहतूक कोंडीत, जिथे गाड्या दहा-दहा मीटर सरकतात, तिथे दरवेळी दुसऱ्यात सुटून लगेच थांबण्यापेक्षा क्रॉलर किंवा पहिला टाकून, क्लच पूर्ण सोडून, पुढे अंतर पडू देत आयडलवर सरकत राहणे क्लचसाठी सर्वांत चांगले. पुढे पडलेल्या अंतरात दुचाकी आणि मोटारी शिरतात ही चालकांची तक्रार खरी आहे, तरीही.

उतारावर निकष वेगळा. तिथे गाडी हलवायला जोर लागत नाही, तिला रोखायला लागतो. म्हणून ज्या गिअरमध्ये उतार उतरायचा, त्याच गिअरमध्ये सुटायचे: भरलेल्या गाडीला तीव्र उतारावर दुसरा किंवा तिसरा, आणि एक्झॉस्ट ब्रेक चालू. ब्रेक सोडून न्यूट्रलमध्ये गाडी गडगडू देऊन नंतर गिअर टाकण्याचा प्रयत्न कधीही करू नये; वेग वाढल्यावर खालचा गिअर बसत नाही आणि ब्रेक एकटे पडतात. रिव्हर्स गिअरचे गुणोत्तर पहिल्याच्या किंवा क्रॉलरच्या जवळपास असते, म्हणून डॉकवर मागे घेताना ॲक्सिलरेटरची गरज जवळजवळ पडत नाही.

जड गाडी चालवण्याचे शास्त्रशुद्ध शिक्षण पुण्याजवळ भोसरीच्या केंद्रीय सडक परिवहन संस्थेत मिळते. नव्या गाड्यांत मात्र ही निवड हळूहळू यंत्राकडे जात आहे. स्वयंचलित मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये क्लचचे पेडल नसते. गाडी किती भरली आहे आणि रस्ता किती चढतो आहे याचा अंदाज घेऊन संगणक सुटण्याचा गिअर ठरवतो, आणि चढावर काही सेकंद ब्रेक धरून ठेवतो. त्याचे गणित वर दिलेलेच आहे: गरजेपेक्षा पुरेशी जास्त ओढ, आणि क्लचची कमीत कमी घसरण. चिखल किंवा हेलकावणारा द्रव त्याला नीट ओळखता येत नाही, म्हणून अशा गाड्यांतही चालकाला हाताने गिअर निवडण्याची सोय ठेवलेली असते.